लेडीजमध्ये आठ नंबर मिळत नाही, अन् कपाट सगळं बदामी-राखाडी

मास्तरीण_आर्णी

प्रश्न चपलांचा आहे, पण सुरुवात ड्रेसपासून करावी लागते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आर्णी तालुक्यातल्या एका गावात. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पेहरावाचा जीआर निघाला. जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षी-चित्रं नको. मला तो काही जड गेला नाही, कारण माझं कपाट आधीपासूनच फिक्या रंगांचं. बदामी कुर्ते, एक राखाडी, एक वाळल्या मेंदीसारखा, मोतिया सलवारी, अन् भंडाऱ्याच्या नणंदेनं दिलेली कोशाची (टसर रेशमाची) ओढणी. सासूबाई म्हणतात, "पगार येते ना बाई टायमावर, मंग पोत्याचे रंग काऊन घालून राहिली?"

पोत्याचे तर पोत्याचे. मला आवडतात. फक्त अंगावर असं सगळं शांत असलं की बघणाऱ्याची नजर सरळ पायांवर जाते, आणि पाय माझे मोठे. उंची पाच फूट सात, त्याला शोभतील असेच. तालुक्याच्या दुकानात गेलं की दुकानदार स्टुलावरून उठतही नाही. पायाकडे पाहते अन् म्हणते, "ताई, लेडीजमध्ये सातपर्यंतच येते." सात घातला तर करंगळी पट्ट्याच्या बाहेर, दोन तासांत तिथं लाल. एका करंगळीवर कुरूप झालंय, ते या सातच्याच कृपेनं. ऑनलाइन आठ मागवला तर टाच मागं पुढं सरकते, चालताना फटफट आवाज, चौथीची पोरं मागून नक्कल करतात. परत करायला गेले तर आमच्या पिनकोडला परत न्यायची सोय नाही. आता तो जोड आतेबहिणीकडे नागपूरला पडून आहे, तिच्या कामाचाही नाही.

विचारायचं असं: या सगळ्या कपड्यांवर चालेल असा एकच रंग कोणता घेऊ? काळा, पांढरा की टॅन? पाय जरा कमी दिसतील असं काही असतं का? आणि आठ नंबर यवतमाळ, अमरावती, नागपूर, कुठं मिळेल? उन्हाळ्यात बंद बूट सुचवू नका. स्कुटीनं जाते, पंचेचाळीस डिग्रीत रेक्झिनच्या आत पाय शिजतो.

नंबर_बोला_ताई

माझं हिंगणघाटला चपलांचं छोटं दुकान आहे, त्याआधी नागपूरला सीताबर्डीवर चपलांच्याच दुकानात नोकरी केली. दुकानाचं विचारलं ते मागून सांगतो. आधी एक सांगा, तुम्ही आठ नंबर आहे हे कोणी ठरवलं? सातमध्ये करंगळी बाहेर येते अन् आठमध्ये टाच सरकते म्हणता. लांब पायाचं लक्षण असं नसते मॅडम, हे रुंद पायाचं आहे. चवडा मावत नाही म्हणून माणूस नंबर वाढवते. पण नंबर एकनं वाढला की लांबी वाढते साडेआठ मिलीमीटर, रुंदीत मात्र जेमतेम फरक. मग पुढं दाटते ते दाटतेच अन् मागं जागा उरते.

संध्याकाळी मोजा, सकाळी नाही. दिवसभर उभं राहून पाय फुगते. कागद जमिनीवर, टाच भिंतीला, पूर्ण वजन पायावर, पेन्सिल सरळ उभी धरायची अन् सगळ्यात लांब बोटापुढं खूण. दोन्ही पाय मोजा, सारखे नसतात. खुर्चीत बसून मोजाल तर माप कमी येते. सेंटीमीटरमध्ये जे येईल त्यात दीड मिळवा, दीडनं गुणा, तो तुमचा युरोपी नंबर. सात-आठ म्हणतो ते ब्रिटिश नंबर. ऑनलाइनवाले कधी अमेरिकन नंबर टाकतात, लेडीजमध्ये तो ब्रिटिशपेक्षा साधारण दोननं मोठा असते. तिथंच अर्ध्या लोकांची गफलत होते.

आपल्या लोकांचे पाय चवड्यात रुंद असतात हे मी गल्ल्यावर बसून सांगत होतोच, आता चेन्नईच्या चर्म संशोधन संस्थेनं देशभर लाखावर लोकांचे पाय मोजून तेच सांगितलं. 'भा' नावाची भारतीय मापपद्धत आणायचं त्यावरूनच चाललं आहे. ते येईल तेव्हा येईल, तुम्ही तोवर माप सांगा.

मोहरी_वरोरा

मी शिवणकाम करते, मला चपलेतलं कळत नाही, पण पाय मोठा दिसतो तो निम्मा सलवारीमुळे. तुमच्या मोतिया सलवारी चुडीदार आहेत का? घोट्याशी चुण्या अन् खाली पाऊल मोकळं, मग पाय आहे त्याहून लांब दिसणारच. मोहरी, म्हणजे सलवारीचं पायाशी असतं ते तोंड, रुंद ठेवा. सरळ पँट शिवायची, मोहरी आठ-साडेआठ इंच (एका बाजूची), लांबी घोट्याच्या हाडाखाली, पावलाच्या वरच्या बाजूला जरा टेकेल एवढी. मागून जमिनीला लागू देऊ नका, स्कुटीच्या चाकात जाते अन् काळ्या मातीनं काठ कायमचा मळतो.

पांढरी चप्पल या रंगांवर अजिबात नको. बदामीखाली पांढरं म्हणजे बोट दाखवून 'इकडे बघा' म्हटल्यासारखं. मोतिया सलवार अन् काळी चप्पल हेही तसंच, पाय कापून ठेवल्यासारखा वेगळा दिसतो. सलवारीच्या किंवा पायाच्या रंगाच्या जवळ जा. पुढून टोकदार नको, गोलसर हवं. आडवा रुंद पट्टा असला की लांबी मध्येच तुटते. बारीक बारीक दोऱ्या-पट्ट्यांच्या सॅंडलमध्ये मोठा पाय सांडल्यासारखा दिसतो, अन् अगदी पातळ सपाट सोलही नको.

खादी घ्यायची असली तर वर्ध्याला मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांतली मिळते. त्यातले तपकिरी अन् विटकरी तुमच्या कोशाच्या ओढणीशी फार छान जातील. नुसतं बदामी-बदामी घातलं की खरंच पोतं वाटते, सासूबाईंचं अगदीच चूक नाही :) दोन फिक्यांत एक उठावाचा हवा.

रेडर_दिग्रस

मी कबड्डी खेळायची, पाय नऊ नंबर. कमी दिसायला पाहिजे हे काय? पाच फूट सात उंचीला चार नंबरचे पाय असते तर पडल्या असत्या. सरळ जेन्टच्या काउंटरवर जायचं अन् बोट दाखवून मागायचं. पहिल्या वेळी पोरगा हसते, दुसऱ्या वेळी तोच काढून देते.

मास्तरीण_आर्णी

रेडरताई, वाचून खूप हसले. खरं आहे.

माप घेतलं. डावा पंचवीस पूर्णांक दोन, उजवा साडेपंचवीस. गुणाकार केला तर उजव्याचा साडेचाळीस येतो. म्हणजे मी आठ नाहीच?

मोहरीताई, चुडीदारच आहेत हो. दोन खादीची कापडं शिवायची पडली आहेत, त्यांची सरळ पँट करून घेते. तुम्ही वरोऱ्याला नसत्या तर तुमच्याकडेच आले असते.

नंबर_बोला_ताई

नाही ना. साडेचाळीस म्हणजे ब्रिटिश सात. लांबीला सातच, फक्त लेडीजचा फर्मा (ज्या साच्यावर चप्पल बनते तो) तुम्हाला अरुंद पडते. ब्रिटिश नंबरात लेडीजचा सात अन् जेन्टचा सात लांबीला साधारण एकच, जेन्टचा चवडा रुंद. तुम्ही जेन्टचा सात घ्या. हा कोणत्याही तालुक्याच्या दुकानात असतेच, त्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही. सात हा जेन्टमध्ये लहान नंबर, पुष्कळदा पडूनच राहते, भाव करा.

रंगाचं म्हणाल तर जेन्टच्या काउंटरवर आहेच काय? काळा, टॅन, तपकिरी, राखाडी. लेडीज बायांची तक्रार असते की रंग नाहीत, तुमचं तर कपाटच त्या रंगांचं आहे. मी टॅन सांगीन, बदामी, मेंदी, कोसा सगळ्यांवर जाईल. राखाडी कुर्त्यावर तेवढा जरा उपरा वाटेल. आधी चप्पल घ्या अन् मग ती घालून पँटची लांबी ठरवा, उलट नको.

घेताना: बकल किंवा वेल्क्रोचा पट्टा असलेलं सॅंडल घ्या, नुसती सरकवायची चप्पल नको. उजव्या पायात घालून पाहा, मोठा तो आहे. उभं राहून अंगठ्यापुढं बोटभर जागा राहिली पाहिजे. डावा सैल लागला तर त्या एकात पातळ सुकतळा टाका, नाहीतर मोच्याकडून पट्ट्याला एक भोक पाडून घ्या. 'घालून घालून सैल होईल' असं कोणी म्हटलं तर उठून या. कातडं रुंदीला थोडं ऐकते, रेक्झिन अजिबात ऐकत नाही.

मास्तरीण_आर्णी

मिळाली! यवतमाळलाच, जेन्टचा सात, टॅन, मागं बकल. करंगळी आत आहे, टाच जागेवर. दुकानातल्या पोराला आधीच सांगून टाकलं की माझ्यासाठीच आहे, तो बिचारा हसलाच नाही.

आता दोन शंका. तिथं तोच जोड तपकिरीतही आहे, सोल हलका पीयूचा (पॉलियुरेथेनचा). एवढ्या मुश्किलीनं माप सापडलं तर दोन-तीन जोड घेऊन ठेवू का? आणि पावसाळ्यात आमच्या शाळेच्या रस्त्याला काळ्या मातीचा असा चिखल होतो की चप्पल मातीत राहते अन् पाय वर येतो.

नंबर_बोला_ताई

तपकिरी घ्या, पण आलटून पालटून घाला. तिसरा नको. पीयूचा सोल नुसता डब्यात पडून राहिला तरी हवेतल्या ओलीनं काही वर्षांत भुसभुशीत होते, मग एक दिवस घालून निघाल्या की रस्त्यात तुकडे. मोठ्या मापाचे गिऱ्हाईक साठवून ठेवतात अन् हीच तक्रार घेऊन येतात. तो कंपनीचा दोष नाही, त्या मालाचा स्वभाव आहे.

चिखलासाठी टॅन काढूच नका. एकसंध साच्यातली पावसाळी सॅंडल मिळते, जेन्टमध्येच, मागं पट्टा असलेली. सोलच्या खाचा कमी पण रुंद पाहा, दाट बारीक खाचांत काळी माती भरली की पायाला किलोभर ओझं अन् घसरगुंडी वेगळी. हापशीखाली धुतली की झालं. टॅन शाळेच्या कपाटात ठेवा, तिथं बदला. भिजलीच तर आत पेपर कोंबून सावलीत, चुलीजवळ नाही.