नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

“समलिंगी जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, एकमेकांना नॉमिनीही लावता येतं, मग लग्नाच्या मान्यतेचा हट्ट कशाला?” असं काही जण विचारतात. पहिला भाग बरोबर आहे. 28 ऑगस्ट 2024 च्या केंद्राच्या पत्रकाने ते स्पष्ट केलं. पण नॉमिनी हा फक्त विश्वस्त. पैसे त्याच्या हातात येतात, मालकी वारसांचीच.

खरी अडचण घराची. ठाण्यात दोघांनी मिळून फ्लॅट घेतला आणि मृत्युपत्र न करता एक गेला, तर त्याचा हिस्सा हिंदू वारसा कायद्याने आईकडे. ती नसेल तर वडील, मग भावंडं. सोसायटीच्या नामनिर्देशनाने यात काही बदलत नाही. बक्षीसपत्र करावं, म्हणजे जिवंतपणीच हिस्सा भेट द्यावा म्हटलं, तर नवरा-बायकोतल्या राहत्या घराला मुद्रांक शुल्क 200 रुपये (वर अधिभार), समलिंगी जोडीदाराला मात्र खरेदीखताच्या दराने. शिवाय तो आयकरात ‘नातेवाईक’ नाही, म्हणून 50,000 च्या वरची भेट त्याचं करपात्र उत्पन्न! नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याची इमारत असेल तर परवानगी आणि हस्तांतरण शुल्क वेगळं.

म्हणून फ्लॅट खरेदीच्या करारनाम्यातच दोघांची नावं आणि हिश्श्याची टक्केवारी घालावी, आणि दोघांनी मृत्युपत्र करावं. त्याला मुद्रांक लागत नाही, मृत्युपत्राने मिळालेल्यावर भेटीवरचा तो आयकरही नाही. साक्षीदार दोन, सज्ञान पण आपल्यापेक्षा वयाने लहान, मृत्युपत्रात लाभार्थी नसलेले. नोंदणी ऐच्छिक आहे, पण नातेवाईक भांडतील असं वाटत असेल तर दुय्यम निबंधकाकडे करूनच टाकावी.