'लॉबिंग'ला मराठीत काय म्हणावं? वशिला, रदबदली की साटंलोटं?

प्रश्न:
एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पावरच्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. 'लॉबिंग', म्हणजे सरकारचा निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून केलेली खटपट, हा शब्द पानोपानी येतो. दोन-तीन ठिकाणी 'वशिला' लिहून पाहिलं, पण वाचताना खटकतंय. 'दबावगट' आहे, पण तो गटाला लागतो, कृतीला लागत नाही. काय करावं?

उत्तर:
ताई, खटकतंय ते बरोबरच आहे. वशिला हा अरबी 'वसीला'वरून आलेला शब्द, मूळ अर्थ साधन किंवा मध्यस्थ. मराठीत वशिला लावतो तो अडलेला माणूस. पोराला वसतिगृहात जागा हवी असते, बदली रोखायची असते, त्यासाठी साहेबाच्या ओळखीचं कुणीतरी लागतं. मोठ्या कंपनीला साहेब आधीच भेटलेला असतो. तिला नियमच आपल्या सोयीचा हवा असतो. दोघांना एकच शब्द वापरला तर अडलेल्यावर अन्याय होतो, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या लेखात एक जागा नक्की येईल, तिथे जपा. १९९२ साली राज्य वीज मंडळाने एन्रॉनशी सामंजस्य करार केला तो स्पर्धात्मक निविदा न मागवता. पुढे १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी सांगितलं, की 'एज्युकेशन' आणि प्रकल्प उभा करण्याच्या प्रक्रियेवर २ कोटी डॉलर खर्च झाले. आपल्याकडे गदारोळ उठला, की शिक्षण कुणाचं केलं? लाच दिल्याचा आरोप कंपनीने नाकारला. धोरण ठरवणाऱ्यांना आपली बाजू पटवून देणं, याला तिकडे 'एज्युकेशन' म्हणायची पद्धतच आहे. मराठीत नुसतं 'शिक्षण' लिहिलंत तर वाचकाला शाळा दिसेल. अवतरणात 'एज्युकेशन'च ठेवा आणि पुढे एका ओळीत अर्थ सांगा.

बाकी ठिकाणी मी 'रदबदली' सुचवेन. एकाने दुसऱ्यासाठी अधिकाऱ्याकडे शब्द टाकणं, हा तिचा जुना अर्थ. ती उघडपणे करता येते आणि चांगल्या कामासाठीही करता येते.

दुसरं उत्तर:
रदबदली पटली. पण कंत्राट मिळण्यापर्यंतचा सगळा व्यवहार त्या एका शब्दात मावत नाही. मी मराठवाड्यातला. आमच्याकडे कंत्राटदाराला 'गुत्तेदार' म्हणतात. त्याच्या हाफिसात मी सहा वर्षं निविदांचे कागद लावायचं काम केलं.

तिथे शिकलेला सगळ्यात धोक्याचा शब्द म्हणजे 'शुद्धिपत्रक'. शब्द किती साधा, छपाईतली चूक सुधारल्यासारखा! एका रस्त्याच्या कामाची जाहिरात आली, वार्षिक उलाढालीची अट ५ कोटींची. आम्ही बयाणा रकमेची, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामतीची, तजवीज केली. चौथ्या दिवशी शुद्धिपत्रक आलं: '५ कोटी ऐवजी १५ कोटी असे वाचावे.' तालुक्यातले सगळे गुत्तेदार त्या एका ओळीत बाद झाले. उरले तिघे, आणि तिघांचे दर एकमेकांना खेटून. असं आपसात ठरवून दर भरण्याला आमच्यात 'रिंग' म्हणतात, आणि निविदा 'मॅनेज' झाली म्हणतात. मालक त्या दिवशी जेवले नाहीत, एवढं आठवतंय.

आणि 'मक्ता' पाहा. मक्ता म्हणजे ठरलेल्या रकमेवर घेतलेलं काम किंवा वसुली. त्यावरून 'मक्तेदारी', म्हणजे दुसऱ्या कुणाला शिरकावच नाही. ठेक्यातून एकाधिकार कसा तयार होतो, हे भाषेने फार आधीच टिपलंय.

पहिलेच उत्तरदाते:
शुद्धिपत्रकाची गोष्ट वाचून वाईट वाटलं, दादा. यात 'साटंलोटं' जोडतो. मूळ अर्थ, एका घरची मुलगी दुसऱ्या घरात द्यायची आणि त्या घरची आपल्याकडे करायची. दोन्ही बाजूंनी देणं झालं तरच साटंलोटं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे, म्हणजे राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याची योजना, घटनाबाह्य ठरवले. त्या निकालातल्या 'क्विड प्रो को'ला, म्हणजे एकाच्या बदल्यात दुसरं देण्याला, माझ्या मते हाच नेमका शब्द आहे. रोख्यांचे आकडे बाहेर आले तेव्हा दुसऱ्या क्रमांकाची खरेदीदार, सुमारे ९६६ कोटींची, सरकारी बांधकामाची मोठी कंत्राटं घेणारी कंपनी निघाली. पण रोखे घेतले एवढ्यावरून 'साटंलोटं' लिहू नये. कंत्राट त्याच बदल्यात मिळालं, हेही दाखवावं लागतं. तोवर 'लागेबांधे' लिहा.

प्रश्नकर्ती:
खूप आभार. मग हे वाक्य बघा: 'अमेरिकेचे राजदूत फ्रँक विस्नर यांनी एन्रॉनसाठी रदबदली केली आणि १९९७ मध्ये ते कंपनीच्या एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले.' इथे साटंलोटं म्हणू का?

उत्तर:
'रदबदली' अगदी चपखल बसलीय. दुसऱ्या भागात वर्ष आणि पद आहे तसंच राहू द्या. मूळ लेखात मोबदल्याचा पुरावा दिला असेल तरच 'साटंलोटं' आणा.