बाळासाठीच्या भेटवस्तूंची यादी करत आहे: खरोखर उपयोगी काय, याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना लागला आहे. तिच्या बेबी शॉवरला येणाऱ्या नातलगांनी आणि मैत्रिणींनी 'काय आणायचे ते आधीच सांगून ठेवा' असा आग्रह धरल्यामुळे भेटवस्तूंची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तिचे हे पहिलेच बाळ. घर लहान आहे, नवराबायको दोघेही नोकरी करतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे मी जाऊन राहणार असले तरी त्यानंतर मदतीला कायमचे असे कोणी नसेल. म्हणून दिसायला गोड पण आठ दिवसांत कपाटात जाऊन पडणाऱ्या वस्तूंऐवजी रात्री दोन वाजता खरोखर हाताशी लागतील अशा वस्तू यादीत असाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आतापर्यंत काय ठरवले आणि कुठे अडले, ते सविस्तर लिहिते.

कपड्यांचा प्रश्न बराचसा सुटला आहे. बाळाचे वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत जन्माच्या वेळच्या वजनाच्या दुप्पट होते, त्यामुळे अगदी लहान मापाची झबली सहा-सातच पुरेत आणि बाकीच्यांनी तीन ते सहा व सहा ते नऊ महिन्यांची मापे आणावीत, असे यादीत स्पष्ट लिहिले आहे. डोक्यावरून घालायच्या कपड्यांपेक्षा पुढून उघडणारे कपडे मागितले आहेत, कारण मान न धरलेल्या बाळाला ते घालणे सोपे जाते. पहिल्या काही आठवड्यांत दिवसाला आठ-दहा डायपर सहज लागतात, पण जन्माच्या वेळी वजन किती असेल हे आधी कळत नसल्याने सर्वांत लहान मापाचे एकच पाकीट आणि उरलेली पुढच्या मापांची, असे ठरवले आहे. बहिणीला दिवसा कापडी लंगोट वापरायचे आहेत. एक दिवसाआड धुणे होणार असेल तर चोवीस लंगोट पुरतील का, की ते वाळायला लागणारा वेळ धरून आणखी हवेत, हे वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे.

मला सर्वांत जास्त काळजी आहे ती बाळाच्या झोपण्याच्या जागेची. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये सुधारून दिलेल्या सूचनांनुसार पहिले वर्षभर बाळाला प्रत्येक वेळी पाठीवरच झोपवावे, खालची गादी सपाट आणि घट्ट असावी, आणि बाळाच्या जवळ उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी किंवा कॉटच्या कडांना आतून बांधायचे मऊ बंपर यांपैकी काहीही असू नये, कारण त्यांत नाक-तोंड दाबले जाऊन श्वास कोंडू शकतो. त्याच वर्षी तिथे कापूस भरलेल्या बंपरच्या विक्रीवर कायद्याने बंदीही आली. म्हणून यादीत दोन गजांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नसलेली कॉट, तिच्या मापाची कडेला जागा न सोडणारी गादी, चार घट्ट बसणाऱ्या चादरी आणि अंगात घालायच्या दोन झोपण्याच्या पिशव्या एवढेच ठेवले आहे. पण आमच्या मावशींनी स्वतःच्या हातांनी बंपर आणि उशांचा संच शिवायला घेतला असून त्या फार प्रेमाने दर आठवड्याला त्याची प्रगती कळवतात. त्यांचे मन न दुखावता हे कसे सांगावे? त्याच कापडातून लाळेरी, किंवा बाळ जागे असताना त्याला आपल्या नजरेसमोर पालथे घालण्यासाठी एखादी सपाट चटई शिवून द्या, असे सुचवावे का? असा प्रसंग कोणी निभावला असेल तर नेमके कोणत्या शब्दांत सांगितले, तेही लिहावे.

दुसरा मोठा पेच कार सीटचा आहे. बहिणीच्या कार्यालयातील सहकारी मिळून एकच मोठी वस्तू देणार आहेत. त्याच वेळी एका मैत्रिणीने तिची वापरलेली कार सीट आणि बाबागाडी देऊ केली आहे. बाबागाडी आनंदाने घेऊ, पण त्या मैत्रिणीनेही सीट दुसऱ्याकडून घेतली होती, तिच्यावरील वापराची अंतिम तारीख पुसली गेली आहे आणि ती अपघातातून गेली आहे का, हे कोणालाच ठाऊक नाही. अशी सीट वापरू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून सहकाऱ्यांना नवी सीट सुचवणार आहे. आता प्रश्न असा की, फक्त तान्ह्या बाळासाठी असलेली, दांडी धरून उचलून नेता येणारी सीट घ्यावी, की मागे तोंड करून बसवायला सुरुवात करून पुढे काही वर्षे चालणारी मोठी सीट घ्यावी? पहिली साधारण वर्षभरात लहान पडते, तर दुसरीत अगदी लहान बाळ नीट बसते का, अशी मला धास्ती वाटते.

दूध पाजण्याच्या वस्तूंमध्ये मी मुद्दाम हात आखडता घेतला आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे बाटल्या दोनच लिहिल्या आहेत. ब्रेस्ट पंपाच्या कपाचे माप प्रत्येकीचे वेगळे असल्याने तो बाळंतपणानंतर तिचा तिनेच निवडावा, असे वाटते. काढलेले दूध फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत ठेवता येते, म्हणून ती कामावर रुजू होईल तेव्हासाठी साठवणीच्या पिशव्या मात्र मागितल्या आहेत.

डिजिटल थर्मामीटर आणि नखे कापायची छोटी कात्री यादीत आहे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे लागते, त्यामुळे थर्मामीटर खात्रीचाच हवा. वॉकर काढून टाकला आहे. कॅनडात तर 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

आईसाठी कोणीच काही आणत नाही, ही माझी खंत आहे. मोठे पॅड, पाजण्यासाठी सोयीचे कपडे, आणि 'मी दोन तास येऊन बाळाजवळ बसेन' अशी चिठ्ठीसुद्धा यादीत लिहावी का? पाहुण्यांना ते अवघड वाटेल का?

यादी या रविवारी सर्वांना पाठवायची आहे, त्यामुळे निदान कार सीट आणि मावशींचा बंपर यांबद्दल त्याआधी कळवलेत तर फार मदत होईल.