शब्दचर्चा: सायनोबॅक्टेरिया लोह ‘शोषतात’ की ‘उचलतात’?

प्रश्न (जळगाव, प्राध्यापिका)
बीएस्सीच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे: पोषकद्रव्यांची वानवा असलेल्या पाण्यात सायनोबॅक्टेरिया (पाण्यात राहणारे, प्रकाशावर अन्न बनवणारे जीवाणू) लोह कसं मिळवतात. तीन शब्दांवर अडले आहे. ‘अपटेक’साठी (पेशीने बाहेरून आत घेणं) ‘शोषण’ लिहावं का? ‘सिडेरोफोर’ (लोह पकडून आणणारा रेणू) तसाच ठेवावा की ‘लोहवाहक’ करावा? आणि ‘नीलहरित शेवाळ’ म्हटलेलं चालेल का?

उत्तर (धुळे)
शेवाळ नको. शेवाळाच्या पेशीत केंद्रक असतं, यांच्या पेशीत नसतं, हे जीवाणूच. ‘नीलहरित जीवाणू’ लिहा. भातशेतीच्या पुस्तकांत ‘निळे-हिरवे शेवाळ’ रुळलेलं आहे, म्हणून सुरुवातीला एकदा तेही सांगून टाका. आमच्या अहिराणीत तर ‘शेवाय’, जळगावचं जयगाव होतं तसं.

उत्तर (रावेर, केळी बागायतदार)
ताई, ‘शोषण’ लिहू नका. स्पंज पाणी शोषतो, त्याला काही करावं लागत नाही. इथे जीवाला राबावं लागतं.

आमच्याकडे चुनखडीच्या जमिनीत केळीच्या कोवळ्या पानांवर केवडा येतो. शिरा हिरव्या राहतात, मधलं पान पिवळं पडतं. काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात लोह भरपूर. पण चुनखडीत ते फेरिक, म्हणजे गंजासारख्या, रूपात अडकतं, विरघळत नाही. नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर तेही थोड्याच दिवसांत बांधलं जातं, म्हणून चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं, लोह द्यावं लागतं. अशा वेळी शेतकरी म्हणतो, “मुळी चालत नाही, उचल होत नाही.” तुम्हाला हवा असलेला शब्द हाच आहे: उचल.

समुद्रात अडचण त्याच जातीची, पण कितीतरी बिकट. पाण्याचा सामू ८ च्या आसपास, ऑक्सिजन भरपूर, त्यामुळे फेरिक लोह जवळजवळ विरघळतच नाही. किनाऱ्यापासून दूर, पृष्ठभागाच्या एका लिटर पाण्यात विरघळलेलं लोह अनेकदा १०-२० नॅनोग्रॅमच भरतं, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा हिशेब. त्यातलंही बहुतेक सेंद्रिय रेणूंनी आधीच धरून ठेवलेलं.

आता उचल कशी होते ते बघा. गोड्या पाण्यातल्या अ‍ॅनाबीना या सायनोबॅक्टेरियाची एक जात शिझोकिनेन नावाचा सिडेरोफोर बनवते आणि पेशीबाहेर सोडते. तो फेरिक लोहाला घट्ट धरतो. ही जोडी बाहेरच्या पटलावरच्या ठराविक प्रथिनाला येऊन चिकटते, आणि ते दार उघडायला लागणारी ऊर्जा आतल्या पटलाकडून टॉन-बी नावाच्या प्रथिनामार्फत येते. रेणू बनवायचा खर्च, दार उघडायचा खर्च, आणि बाहेर सोडलेला रेणू परत येईलच याची खात्री नाही. खुल्या समुद्रात तो वाहून जायची भीती जास्त, त्यामुळे तिथले बरेच सायनोबॅक्टेरिया स्वतः सिडेरोफोर बनवतच नाहीत.

सिनेकोसिस्टिस या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियाची प्रयोगशाळेत नेहमी वापरली जाणारी जात तर हा खर्च टाळतेच. ती पेशीच्या पृष्ठभागाशी फेरिक लोहाला इलेक्ट्रॉन देऊन फेरस (सहज विरघळणारं रूप) करते आणि फेरस आत घेते. समुद्रात वसाहती करून राहणाऱ्या ट्रायकोडेस्मियमची आणखी वेगळी तऱ्हा: वाऱ्याबरोबर आलेल्या धुळीचे कण वसाहतीत अडकतात, आणि तंतू ते कण हळूहळू वसाहतीच्या गाभ्याकडे सरकवतात. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. मेंदू नाही, हात नाहीत, तरी कण नेमका आत जातो! हवेतला नत्र स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेज या विकराला लोह खूप लागतं, म्हणून हा एवढा खटाटोप. याला ‘शोषण’ म्हटलं की ही सगळी मेहनत वाक्यातून पुसली जाते.

उत्तर (चोपडा, संस्कृत शिक्षक)
सिडेरोफोरमधलं ‘सिडेरोस’ म्हणजे ग्रीकमध्ये लोखंड आणि ‘फोरोस’ म्हणजे वाहणारा. हा ‘फोरोस’ आणि आपला ‘भृ’ धातू एकाच मुळातले, ‘भार’मधला तोच. त्या हिशेबाने ‘लोहवाहक’ चुकीचा नाही. पण रक्तात लोह नेणाऱ्या प्रथिनालाही लोहवाहकच म्हणावं लागेल, पेशीच्या पटलातल्या प्रथिनालाही. तिन्ही एका टिपणात आले की मुलं गोंधळतील. ‘सिडेरोफोर’च ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘बाहेर सोडलेला, लोह पकडणारा रेणू’ असं लिहा.

प्रश्नकर्ती (जळगाव)
‘उचल’ पटला. फक्त ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतात तीही उचलच, म्हणून मुलांना पैसेच आठवतील का? आणि लोहाची ‘कमतरता’ लिहू की ‘टंचाई’?

उत्तर (रावेर)
‘लोहाची उचल’ असं जोडून लिहा, पैशाचा अर्थ येणार नाही.

दुसऱ्या प्रश्नात मी दोन्ही ठेवीन, जागा वेगळ्या. पाण्यात टंचाई, पेशीत कमतरता. टंचाईवर उपाय म्हणजे वर सांगितलेली उचल. कमतरतेवर उपाय म्हणजे काटकसर: इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या, लोह असलेल्या फेरेडॉक्सिन प्रथिनाच्या जागी पेशी बिनलोहाचं फ्लॅवोडॉक्सिन वापरते. फोटोसिस्टिम १ च्या (प्रकाश वापरणाऱ्या प्रथिनांच्या संचाच्या) एकेका नगात लोहाचे १२ अणू लागतात, म्हणून त्यांची संख्या कमी करते आणि उरलेल्यांभोवती इसिया नावाच्या प्रथिनाचं कडं उभारते, म्हणजे कमी नगांतही जास्त प्रकाश गोळा होतो. एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर हा फरक मुलांना दिसणार नाही.

टंचाईचा इतिहासही दोन ओळींत घ्या. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सायनोबॅक्टेरियांच्याच पूर्वजांमुळे, आणि त्या ऑक्सिजननेच समुद्रातलं विरघळलेलं फेरस लोह गंजून तळाशी बसलं. तिथे ‘साका बसला’ लिहा, ‘अवक्षेपण’ कंसात.