पर्यवेक्षक आणि निरीक्षक एकच का? मदत हवी आहे

मंडळी, एका कारखान्याच्या सुरक्षा-पुस्तिकेचं भाषांतर करतेय. मुळात सुपरवायझर आणि इन्स्पेक्टर अशी दोन वेगळी माणसं आहेत. मी पर्यवेक्षक आणि निरीक्षक लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी सगळीकडे निरीक्षक करून परत पाठवलं. म्हणे, अर्थ एकच, उगाच घोळ नको.

मला ते पटत नाहीये. दोन्ही शब्द ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूचेच, पण पाहण्यात फरक आहे ना? शाळेतले पर्यवेक्षक रोज शिक्षकांमध्येच वावरतात. परीक्षेच्या वर्गात तीन तास फेऱ्या मारतो तोही पर्यवेक्षकच. आरोग्य निरीक्षक मात्र येतो, बघतो, शेरा मारतो आणि जातो. इथवर ठीक. पण पोलीस निरीक्षक? तो तर अख्खं ठाणं चालवतो! तिथे माझं गणित कोसळतं. आणि त्याच्या वर पुन्हा अधीक्षक. नक्की काय धरायचं?

प्रतिसाद १:
पोलीस निरीक्षक बाजूला ठेवा. ते हुद्द्याचं ठरलेलं नाव आहे, त्यावरून शब्दाचा अर्थ काढायला गेलात तर फसाल. मी एकच बघतो: काम बिघडलं तर जाब कोणाला विचारणार? पर्यवेक्षक माणसांकडून काम करवून घेतो, म्हणून जाब त्याला. निरीक्षक त्या कामाच्या बाहेरचा, तो फक्त चूक दाखवतो. निवडणूक निरीक्षक मतदान घेत नाही, ते नीट होतंय का एवढंच पाहतो, तसंच. अधीक्षक तुमच्या पुस्तिकेत नकोच. तो कार्यालयाचा, वसतिगृहाचा, तुरुंगाचा कारभार बघणारा.

प्रतिसाद २:
फक्त ‘परिवेक्षक’ लिहू नका, बरेच जण लिहितात. परि + अव + ईक्षक, म्हणून पर्यवेक्षक. ‘परिवीक्षा’ असा शब्द आहे, पण तो नोकरीतल्या उमेदवारीच्या काळासाठी.
(आमच्याकडे या दोघांनाही ‘साहेब’च म्हणतात, पण ते पुस्तिकेत चालणार नाही.)

धागाकर्ती:
जाब विचारण्याची कसोटी लावून पुस्तिका पुन्हा चाळली. माझं वाक्य होतं, ‘निरीक्षकाने दाखवलेल्या त्रुटी पर्यवेक्षकाने दूर करून घ्याव्यात.’ दुरुस्तीनंतर झालंय, ‘निरीक्षकाने दाखवलेल्या त्रुटी निरीक्षकाने दूर करून घ्याव्यात.’ हे एवढं एकच वाक्य त्यांना पाठवलंय, सोबत काही न लिहिता.