क्वेंटिन जॉन्स्टन: अजून एक सीझन द्यायचा की आता पुरे?

पहाटेचा_चार्जर (पुणे), मे 2025
अमेरिकन फुटबॉलचा (NFL) ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या पोरांना नंबराने टीममध्ये उचलायचा कार्यक्रम, होऊन आठवडाही झाला नाही. आपल्या लॉस एंजेलिस चार्जर्सनी सेकंड राउंडला पुन्हा रिसीव्हरच (पास झेलणारा) उचलला (ट्रे हॅरिस, ओल मिस कॉलेजचा, 55 नंबरला), त्याआधी मार्चमध्ये जुना रिसीव्हर माइक विल्यम्सला परत बोलावलं, आणि तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच रडगाणं चालू आहे की आपला आधीचा रिसीव्हर जॉन्स्टनला आता विका, कापा, काहीही करा पण नजरेसमोर नको.

मी त्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण राग मलाही आलाय. 19 नोव्हेंबर 2023 आठवतो का? संध्याकाळी अहमदाबादला वर्ल्डकप फायनल हरलो, घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळे झोपल्यावर मी मूड जरा बरा करायला साडेअकराला चार्जर्स-पॅकर्स मॅच लावली. आवाज म्यूट. 23-20 ने मागे, शेवटचं अर्धा-एक मिनिट, आपला क्वार्टरबॅक (पास टाकणारा) हर्बर्टने लांब बॉल टाकला, पोरगा डिफेंडरला मागे टाकून एकटाच पळत होता, बॉल हातात आला आणि हातातून गेला. एका दिवसात दोन देश हरल्यासारखं वाटलं राव.

तरीपण. पहिल्या सीझनला 38 कॅच, 431 यार्ड, 2 टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन). दुसऱ्याला 55 कॅच, 711 यार्ड, 8 टचडाउन. आलेख वर चाललाय ना? वय 23. मग इतकी घाई कशाची?

सँडिएगो_सोडलेला
आलेख वर चाललाय कारण सुरुवात खड्ड्यातून झाली. मी इथे वीस वर्षं आहे, टीम 2017 मध्ये आम्हाला टांग देऊन लॉस एंजेलिसला पळाली तरी बघणं सुटत नाही, त्यामुळे मला आशेबद्दल कुणी शिकवू नये. 2023 च्या ड्राफ्टमध्ये 20, 21, 22, 23 असे लागोपाठ चार रिसीव्हर गेले. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा, मग आपला, मग झे फ्लॉवर्स, मग जॉर्डन ॲडिसन. गेल्या सीझनचे यार्ड बघा: 1130, 711, 1059, 875. चार भावांत आपल्याच वाट्याला हा यावा? आणि त्याच ड्राफ्टमध्ये त्याच शहरातल्या दुसऱ्या टीमने पाचव्या राउंडला, 177 नंबरला, पुका नाकुआ घेतला आणि त्याने पहिल्याच वर्षी 1486 यार्ड काढले. आम्ही फर्स्ट राउंड खर्च केला.

निव्वळ_आकडे
काका, यार्ड दिलेत तसे टचडाउनपण द्या की. एन्जिग्बा 6, जॉन्स्टन 8, फ्लॉवर्स 4, ॲडिसन 9. अर्धाच कागद दाखवायचा असेल तर कुणीही गुन्हेगार ठरेल.

सँडिएगो_सोडलेला
बरं, मग तूच पूर्ण कागद दाखव. त्या 711 पैकी 186 यार्ड एकट्या शेवटच्या मॅचचे, रेडर्सविरुद्ध. 13 कॅच त्या एका दिवशी. रेडर्स कोण, तर 4-13 वाली टीम. ते वजा केलं की उरले 42 कॅच, 525 यार्ड, सगळ्या सीझनचे.

फँटसी_भाऊ
आणि ते 13 कॅच कधी घेतले तर वीक 18 ला, जेव्हा आमच्या सगळ्या फँटसी लीगचे (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर आपली टीम लावायच्या खेळाचे) पैसे वाटून पार्टी पण झाली होती 😭 हा माणूस माझ्याशी वैयक्तिक वैर धरून आहे

मिशिगन_मावशी
मी ॲन आर्बरला असते, मुलगा युनिव्हर्सिटीत होता म्हणून फुटबॉल बघायला लागले, नियम अजून निम्मेच कळतात. पण ह्या मुलाला मी चांगली ओळखते, कारण 31 डिसेंबर 2022 ला त्याने आमचं घर रडवलंय. फिएस्टा बोल, मिशिगन विरुद्ध टीसीयू (ह्याचं कॉलेज), 51-45 ने हरलो. आम्ही मागून येत येत जवळ पोचलो होतो आणि ह्याने छोटासा पास घेतला, मैदान आडवं कापत, आणि तिथून जो पळाला तो थेट 76 यार्ड. त्या दिवशी एकूण 6 कॅच, 163 यार्ड. मी इडलीचं पीठ हातात घेऊन टीव्हीसमोर उभी होते, ते तसंच राहिलं.

गंमत म्हणजे त्या दिवशी समोरच्या साइडलाइनला कोच कोण, तर जिम हारबॉ. तेच आता चार्जर्सचे कोच. म्हणजे हा मुलगा काय करू शकतो हे त्या माणसाने स्वतःच्या अंगावर झेललंय. माझा साधा प्रश्न असा की जो मुलगा छोटा पास घेऊन पळतो, त्याला तुम्ही सारखा आकाशातून पडणारा बॉल का झेलायला लावता?

पहाटेचा_चार्जर
मावशी तुम्ही सगळ्यात मुद्द्याचं बोललात 🙏

लेदरबॉल (नाशिक)
मी फुटबॉल दोनच वर्षं बघतोय, पण शाळेच्या पोरांना क्रिकेटची फिल्डिंग शिकवण्यात बारा वर्षं गेली, त्यामुळे झेल कसा सुटतो ह्यावर थोडं बोलायचा हक्क आहे असं धरतो. ह्याच्या ड्रॉपच्या (सुटलेल्या पासच्या) क्लिप मी थांबवून थांबवून बघितल्या. हात वाईट आहेत असं मला वाटत नाही. हात उशिरा येतात.

बॉल छातीच्या वर असेल तर दोन्ही अंगठे जवळ, बोटं वर, मधे त्रिकोणासारखी खिडकी, आणि कोपर वाकवून हात पुढे, म्हणजे बॉल डोळ्यांसमोर लागतो आणि हात बॉलबरोबर थोडे मागे येतात. कमरेच्या खाली असेल तर करंगळ्या जवळ, ओंजळ. इथपर्यंत आपल्या क्रिकेटसारखंच. हा काय करतो, तर बरेचदा बॉल अंगापर्यंत येऊ देतो, छातीवर आदळू देतो आणि मग वरून दोन्ही हात मिटतो, टाळी वाजवल्यासारखे. पावसात भिजलेला टेनिस बॉल छातीवर घेतलाय का कधी? टप्पा खाऊन उडतो. तिथे तर हर्बर्ट, त्याचा थ्रो म्हणजे गोळी. शिवाय गरज नसताना उडी मारतो, आणि उडी मारली की डोकं हलतं, डोकं हललं की डोळे बॉलवरून सुटतात.

ड्राफ्टच्या आधीही स्काउट लोक हेच म्हणत होते की हा अंगावर झेलतो. म्हणजे हे काही नवीन दुखणं नाही.

निव्वळ_आकडे
आणि ही सवय 23 व्या वर्षी सुटते?

लेदरबॉल (नाशिक)
सुटते, पण कंटाळवाण्या मार्गाने. प्रॅक्टिस संपल्यावर मशीनसमोर उभं राहून रोज शेकड्याने बॉल, आधी एका हाताने, मग वाकडं उभं राहून, मग मान उशिरा वळवून. माझ्याकडचा एक पोरगा स्लिपला उभा करायला भीती वाटायची असा होता, दोन पावसाळे भिंतीवर बॉल मारून मारून झेलत बसला, आता तालुक्याच्या टीममध्ये स्लिपलाच असतो. मात्र प्रॅक्टिसमधले हात आणि मॅचमधले हात वेगळे. मॅचमध्ये दचकलेला माणूस आपसूक जुन्या सवयीवर जातो. इथे अडचण तीच आहे.

सँडिएगो_सोडलेला
मास्तर, पटलं. पण तुम्ही माझीच बाजू मजबूत केलीत. दचकलेला माणूस जुन्या सवयीवर जातो, आणि हा नेमका मोठ्या मॅचला दचकतो. 25 नोव्हेंबर 2024, रेव्हन्सविरुद्ध, मंडे नाइट, दोन सख्खे हारबॉ भाऊ कोच म्हणून समोरासमोर, सगळा देश बघतोय. पाच वेळा बॉल ह्याच्याकडे टाकला, कॅच शून्य. त्यातला एक तर असा की समोर मोकळं रान होतं. 30-23 हरलो. मग जानेवारीत ह्यूस्टनला प्लेऑफ, 32-12 ने हरलो. आपला दुसरा रिसीव्हर लॅड मकॉन्की, एकट्याने 9 कॅच, 197 यार्ड. बाकी सगळी टीम मिळून किती? 5 कॅच, 45 यार्ड. त्या पोराला मदतीला कोणी नव्हतं, आणि मदतीला कोण असायला हवं होतं? फर्स्ट राउंडवाला.

पहाटेचा_चार्जर
रेव्हन्सची मॅच मी ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर बघितली, आपल्याकडे मंगळवारी सकाळी पावणेसात. त्या ड्रॉपला मी मोठ्याने काय बोललो ते इथे लिहीत नाही, ड्रायव्हरने आरशात बघितलं.

पण ह्यूस्टनचं खापर ह्याच्यावर फोडू नका काका. हर्बर्टने चार इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) दिल्या, जो अख्ख्या सीझनमध्ये तीन देऊन आला होता. एक तर आपल्याच डिसलीच्या हातावरून उडून थेट टचडाउन गेली. त्या दिवशी सगळं घरच पडलं होतं.

आणि ह्याच्या वाट्याला काय परिस्थिती आली तेपण बघा की. रूकी (पहिल्या) वर्षी तिसऱ्याच मॅचला माइक विल्यम्सचा गुडघा गेला, मग जो मुलगा हळूहळू तयार करायचा होता तो एकदम पुढे ढकलला. डिसेंबरात हर्बर्टचं बोट मोडलं. पुढच्याच मॅचला रेडर्सकडून 63-21 मार खाल्ला आणि कोच, जनरल मॅनेजर दोघांनाही नारळ. पुढच्या वर्षी नवा कोच, नवा ऑफेन्स, आणि अनुभवी रिसीव्हर कीनन ॲलनला शिकागोला पाठवून दिलं, म्हणजे ज्याच्याकडे बघून शिकायचं तो माणूसच गेला. इतकं सगळं होऊन पोरगा 8 टचडाउन काढतो. डाव्हांटे ॲडम्सचे पहिल्या दोन वर्षांचे आकडे काढा. 2014 ला 38 कॅच, 446 यार्ड. 2015 ला 50 कॅच, 483 यार्ड, एक टचडाउन. ग्रीन बेचे लोक तेव्हा हेच म्हणत होते, हाताला तेल लावलंय. 2016 ला 12 टचडाउन. मग पुढे केवढा मोठा रिसीव्हर झाला ते सांगायला नको.

निव्वळ_आकडे
डाव्हांटे ॲडम्सचं नाव येणार ह्याची मी वाटच बघत होतो. प्रत्येक फसलेल्या रिसीव्हरचे फॅन त्याचाच फोटो देव्हाऱ्यात ठेवतात. अरे जो पास झाला तोच आठवतो, नापास झालेले वीस कुणी मोजत नाही. जेलन रीगर आठव. तोपण टीसीयूचा. तोपण 21 नंबरला गेला, 2020 मध्ये फिलाडेल्फियाला, आणि 22 ला कोण गेला तर जस्टिन जेफरसन, जो पुढे स्टार झाला. त्यालाही लोक म्हणत होते थांबा, थांबा. तो रीगर गेल्या सीझनला कुठे होता? आपल्याच टीममध्ये, बेंचच्या आसपास. तेच कॉलेज, तोच नंबर. मी पत्रिका मानत नाही पण एवढं जुळल्यावर गुरुजींना विचारावंसं वाटतं.

माझं म्हणणं मधलं आहे खरं तर. पहिल्या नंबरचा रिसीव्हर होणं विसरा. तिसऱ्या नंबरचा म्हणून ठेवा, मोकळं मैदान दिसलं की पळणारा. क्लीव्हलँडला 66 यार्डचा टचडाउन काढला तेव्हा कोण हात लावू शकलं त्याला?

मिशिगन_मावशी
विकायचं म्हणताय पण घेणार कोण? बाजारात पडलेल्या भावाने मेथी विकतो तसं होईल, जुडी दोन रुपयाला.

फँटसी_भाऊ
मावशी 😂😂 जनरल मॅनेजर करा ह्यांना

पहाटेचा_चार्जर
तेच तर. करारपण बघा. फर्स्ट राउंडवाल्याचे चार वर्षांचे पैसे गॅरंटीड असतात, कापला तरी द्यावेच लागतात. पाचव्या वर्षाचा ऑप्शन घ्यायचा की नाही हे टीमला पुढच्या मे महिन्यात ठरवायचंय. म्हणजे हा 2025 चा सीझन टीमला जवळपास फुकटात बघायला मिळतोय. फुकटचं नाटक, पडदा उघडायच्या आधीच उठून जायचं?

सँडिएगो_सोडलेला
फुकट तुला. मी तिकीट काढून अडीच तास गाडी चालवत जातो.

बरं, ठेवा त्याला. पण तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), किंवा शेवटी दोन मिनिटं उरलेली असताना बॉल मकॉन्कीकडे जाऊ दे एवढंच माझं मागणं आहे. आणि ट्रे हॅरिसला खरोखर संधी द्या, नुसता ह्याला घाबरवायला आणलेला नसू दे.

लेदरबॉल (नाशिक)
घाबरवून झेल सुधारत नाही काका. उलट होतं. एक सुटला की पोरगं पुढच्या वेळी बॉल येण्याआधीच आजूबाजूला बघतं, कोण हसतंय म्हणून.

सँडिएगो_सोडलेला
मग मी हसणं बंद करतो. सप्टेंबरपर्यंत.

पहाटेचा_चार्जर, 6 सप्टेंबर 2025
धागा वर काढतोय!!! उठा सगळे!

साओ पाउलोला चीफ्सविरुद्ध 27-21 जिंकलो, सीझनची पहिलीच मॅच, आणि जॉन्स्टन 5 कॅच, 79 यार्ड, 2 टचडाउन! पहिल्याच ड्राइव्हला एक आणि शेवटच्या क्वार्टरला 23 यार्डचा दुसरा. यूट्यूबवर फुकट होती, पहाटे साडेपाचला लावून बसलो, आज अनंत चतुर्दशी, पथकाचा ड्रेस घालूनच सोफ्यावर. आई म्हणाली ढोल वाजवायला चाललायस का अमेरिकेला.

फँटसी_भाऊ
मी काल रात्री त्याला बेंचवर टाकला. काल. रात्री.

मिशिगन_मावशी
हारबॉंना आठवलं म्हणायचं शेवटी. गणपती बाप्पा मोरया!

निव्वळ_आकडे
एक मॅच आहे. 16 बाकी.

सँडिएगो_सोडलेला
कबूल, आज छान खेळला. पण मास्तरांनी विचारायच्या आधी मीच विचारतो: तो दुसरा टचडाउन, हात पुढे नेऊन घेतला की छातीवर?

पहाटेचा_चार्जर
काका खरं सांगू, बॉल पोचला तेव्हा मी सोफ्यावर उभा होतो आणि समोर आई टीव्हीच्या मधे. नऊच्या आत पथकात पोचायचंय. विसर्जन करून आलो की थांबवून थांबवून बघतो आणि सांगतो.