टोकियोत हुकलेली मनू पॅरिसमध्ये इतकी शांत कशी?

रायफलवाला: टोकियो ऑलिम्पिकमध्ये नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, त्यात वेळ गेला, फायनल २ पॉइंटनी हुकली, आणि २०२४ला पॅरिसमध्ये तीच पोरगी दोन ब्राँझ घेऊन आली. म्हणजे असा दणका बसायलाच पाहिजे का? आमचे सर तर तसंच म्हणतात.

नेमाडी: दणक्याने कोणी घडत नाही हो, पुढे कोण सोबत असतं त्यावर असतं सगळं. मनू तर खेळ सोडायच्या विचारात होती, २०२३ला परत जुने कोच जसपाल राणांकडे गेली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मीनल_के: अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स बघा ना, टोकियोत हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत तेच कळेना म्हणून टीम फायनलमधून बाहेर पडली, लोकांनी काय काय सुनावलं तिला. पॅरिसला ३ गोल्ड, १ सिल्व्हर. पण तिथेही टीम फायनलच्या दिवशी सकाळी थेरपिस्टशी बोलूनच उतरली. याला पोस्ट-ट्रॉमॅटिक ग्रोथ म्हणतात, म्हणजे मोठ्या धक्क्यातून माणूस आतून घडणं, पण त्रास संपतोच असं नाही हां, दोन्ही सोबत चालू राहतं.

रायफलवाला: थेरपिस्टचं नाव काढलं की सर हसतात, तिथेच अडतंय.

नेमाडी: मग सर बदला की राव 😄